काळ्या घोड्याचं मुसकं

भिंत हलली. आमच्या खोलीची, पलंगाच्या उशाकडची भिंत, आणि फळीवरचे डबे खाली आले, पिठाचा, साखरेचा, बाळ अंगावर पीत होतं ते दचकून सुटलं आणि रडायला लागलं, आणि भिंतीपलीकडून घोड्याचा आवाज आला. खिंकाळणं नव्हतं ते. तोंड दाबून धरल्यावर माणूस ओरडेल, तसं काहीतरी. मग लाथा, भिंतीवर, दारावर, परत भिंतीवर, मग लाथा बंद आणि नुसती घरघर.

आमचे हे घरी नव्हते. कंपनीच्या टेम्पोतून राखोलीकडे गवत आणायला गेलेले. खोलीत मी, माझा सव्वा महिना अजून झाला नव्हता, डोक्याला कानाला फडकं बांधलेलं, खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, आणि सासू. तिला मी आत्या म्हणते.

"आत्या, घोडा पडला."

"पडला तर उठंल. तू पाज त्याला."

"उठत नाहीये, ऐका ना. घरघर येतेय."

"येऊ दे. कंपनीत एवढी माणसं आहेत, येतील कोणी."

पण कंपनीची पाळी सुटायला वेळ होता, आत मशिनी चालू, तिथे कोणाला ऐकू जाणार. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, खुंटीवरची घोड्याच्या दाराची किल्ली घेतली.

"कोठे चालनी व तू?" आत्या घाबरली की गावाकडचं बोलते. "कच्ची बाळंतीण, वारा लागला तर कोण बघंल तुला? अन् ते जनावर माजलेलं. त्याला बाईमाणसाचा वास लगेच कळतो."

मी गेले. चप्पल पण घातली नाही. उन्हात डोळे दिपले, कितीतरी दिवसांनी ऊन बघत होते मी.

वरचं अर्धं दार उघडून गजांतून बघितलं तर तो पाठीवर. लोळायला गेला असणार आणि भिंतीपाशी अडकला, चारी पाय दुमडून भिंतीला टेकलेले, कूस बदलायला जागाच नाही. एवढा मोठा प्राणी आणि एवढीशी जागा. त्याच्या तोंडाला मुसकं होतं, मुंबईहून आणलेलं, जाड चामड्याचं, त्याचा पट्टा गव्हाणीच्या कडीत अडकलेला. डोकं वर लटकलेलं, मान पिळलेली, आणि पट्टा गळ्याला आवळत चाललेला. जितका हिसका मारायचा तितका आवळायचा. डोळा माझ्याकडे होता. पांढरा झालेला.

गव्हाण दाराशेजारीच, खाणं टाकायला तिथे एक खिडकी ठेवलेली, हात जाईल एवढी. गवताजवळ विळा पडलेला. मी विचार केला असं नाही म्हणणार मी. हात आत घातला आणि पट्टा कापायला लागले. चामडं कापलं जाईना. तो हिसका मारायचा, माझा हात गजाला आपटायचा, मी ओरडत होते, धावा, कोणीतरी या. मग पट्टा तुटला आणि डोकं खाली दाणकन आपटलं आणि तो श्वास घ्यायला लागला. मी तिथेच मातीत बसले.

हा घोडा कंपनीच्या शेठने आमच्याच बाजूच्या बाजारातून घेतलेला, खानदेशातून. काळाभोर, कपाळाला पांढरं, मानेखाली देवमनाचा भोवरा, केसांचा, शुभ मानतात तो. आमच्याकडे घोडा घेताना दाताआधी भोवरे बघतात, आणि देवमन असला की माणूस जास्त विचारत नाही. शेठला कोणी महाराजांनी सांगितलेलं, की असा घोडा कारखान्याच्या आवारात उभा राहिला की लक्ष्मी हलत नाही. पण तो फाटकाबाहेर जायला नको. आणि खच्ची करायचा नाही, अखंड पाहिजे. आमच्या ह्यांच्या घरात आजोबापासून घोडे, म्हणून घोड्याबरोबर ह्यांना पण आणलं सिल्वासाला, आणि राहायला खोली दिली, घोड्याच्या खोलीला लागून. लग्न होऊन मी आले तेव्हा सगळे म्हणायचे, नशीब बघ पोरीचं, पक्की खोली, नळ.

घोड्याची खोली आमच्यापेक्षा चांगली होती. फरशी, पंखा. गावाकडे घोडा ओट्यासमोर लिंबाखाली असतो, पुढच्या पायाला एक दोर, मागच्याला एक, येणारा जाणारा त्याच्याशी बोलतो, कुत्री पोरं आजूबाजूला, आणि कामाला रोज बाहेर. हे म्हणाले, बघ, राजासारखा ठेवलाय. मनापासून म्हणत होते. पहिले काही महिने त्याला हात लावायला माणसं यायची. शनिवारी तर रांग, काळ्या घोड्याची पडलेली नाल पाहिजे म्हणून. ऑफिसातले एक काका हसायचे, "नाल कशी पडंल भाऊ, नाल झिजायला घोडा चालायला नको का?"

मग तो डुलायला लागला. दाराशी उभा राहून डावा पाय, उजवा पाय, मान इकडून तिकडे, इकडून तिकडे, दिवसभर. आत्या म्हणाली दृष्ट लागली, तिने मीठ मोहऱ्या ओवाळल्या. मग तो दाराच्या लाकडावर वरचे दात टेकवून मान ताणायचा आणि वारा गिळायचा, गुट्ट आवाज यायचा. मी पोटुशी होते, रात्रंदिवस तो आवाज भिंतीतून, गुट्ट, गुट्ट. हे म्हणाले त्याला थंडी बाधली, गार वारा पोटात चाललाय. म्हणून वरचं अर्धं दार बंद केलं. लगीनसराईत रस्त्याने वरातीची घोडी गेली की तो भिंतीवर चढायला बघायचा, घामाने निथळायचा, म्हणून रस्त्याकडच्या खिडकीला गोणपाट मारलं. अशक्त झाला म्हणून चणे वाढवले, गूळ वाढवला, बाजरी शिजवून घातली, ओव्याची धुरी दिली. मायेने केलं सगळं, खोटं नाही सांगत. आमच्याकडे जपायचं म्हणजे असंच, दार लावायचं, झाकायचं, खाऊ घालायचं, वारा लागू द्यायचा नाही. मला पण तसंच जपत होते ना बाजूला.

मी अंधारात पडून असायचे आणि तो पलीकडे अंधारात. कधीकधी वाटायचं तो भिंतीला अंग घासतोय, मी हात लावून बघायचे. मला निदान सांगितलेलं होतं, सव्वा महिना, मग बाहेर. त्याला कोण सांगणार.

मग त्याने स्वतःला चावायला सुरुवात केली. आधी कोणाला पटलं नाही. हे म्हणाले घूस असेल, मग म्हणाले खरूज आहे. मग एकदा ह्यांनी समोर बघितलं. तो चिरकतो, मागे लाथ मारतो, जसं कोणी दुसरं जनावर अंगावर आलंय, आणि वळून आपलीच कूस धरतो. हे आत आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, "आमच्या आजोबाने पण असं बघितलं नसंल." म्हणून ते मुसकं आलं.

तर त्या दिवशी मी मातीत बसले होते आणि पाळी सुटली. माणसं धावत आली. दोर आणला, दोघं जण जिवावर उदार होऊन आत शिरले, पायात दोर घालून सगळ्यांनी ओढला, हां, हां, अजून थोडा, आणि तो कुशीवर आला, आणि धडपडून उठला. थरथरत उभा राहिला. माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्ही नसत्या तर गेला होता आज."

आत्या बाळाला घेऊन आमच्या दारात उभी. "झालं ना आता? ये आत. डोकं झाक आधी."

मी वळले आणि मागे चिरकणं ऐकू आलं.

त्याचं तोंड आता मोकळं होतं. हे जवळ उभं राहून चारायचे तेवढं सोडलं तर आठवड्यांनंतर मोकळं. त्याने मान वळवली आणि कूस धरली आणि सोडेचना. दार बाहेरून लावलं कोणीतरी. आत जायला कोणी तयार नाही, आणि माझ्याकडे बघतात सगळे, जणू मला माहीत असेल पुढे काय. एकाने गजांतून बांबू घातला, त्याला ढोसत राहिला, तेवढ्यापुरता सोडायचा, परत धरायचा. फरशी लाल झाली. मी बघितलं नाही सगळं. मी आत येऊन बाळाला घेतलं आणि त्याचे कान झाकले, म्हणजे आवाज जाऊ नये म्हणून.

हे आले तेव्हा तो दमून उभा होता. ह्यांनी कापलेला पट्टा उचलला.

"कोणी कापलं?"

"मी."

पट्टा खाली ठेवला. मग म्हणाले, "हात दाखव." माझा हात कोपरापर्यंत काळानिळा झालेला.

दुसऱ्या दिवशी वापीहून ढोरांचा डॉक्टर आला, शेठ पण आले. डॉक्टरने टाके घातले आणि ओट्यावर बसून चहा घेता घेता सांगितलं, मी दाराआड ऐकत होते. "औषध नाही ह्याला. ह्याला रोज बाहेर काढा, चालवा, दामणगंगेच्या काठाला मोकळी जागा आहे तिथे सोडा. सोबतीला एखादं जनावर ठेवा. नाहीतर खच्ची करा, फरक पडंल."

शेठ म्हणाले, "डॉक्टरसाब, बाहर नहीं, और काटना नहीं. ये दो बात छोडके बोलो."

"सोबत?"

"बकरी रखेंगे? लोग हसेंगे."

डॉक्टर म्हणाले, "मग मुसकं बांधा. आणि दोन्ही बाजूंनी आखूड दोर, मान वळायला नको. पण असा किती दिवस ठेवाल?"

शेठने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "जब तक है."

शेठ गेल्यावर आमचे हे नवीन मुसकं आणि दोन दोर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. संध्याकाळ होत आलेली. पलीकडे तो टाके घातलेल्या बाजूला तोंड न्यायचा प्रयत्न करत होता, दर वेळी हे नुसते "होऽ, होऽ" करायचे, आणि आवाज ऐकून तो थांबायचा.

"मी सोडतो त्याला," हे म्हणाले. "मागच्या फाटकाने. नदीकडे."

आत्या म्हणाली, "अन् उद्या कुठे झोपशील? हिला घेऊन, त्या एवढ्याशाला घेऊन? गावाला काय ठेवलंय आपलं?"

"आणि रस्त्यावर कोणाच्या अंगावर गेला तर?" हे स्वतःलाच म्हणाले. "पण हे बांधलं आणि परत अडकलं तर, तेव्हा मी नसलो तर?"

मग माझ्याकडे बघितलं. लग्नापासून मला कधी काही विचारलं नव्हतं ह्यांनी, भाजी काय ते पण नाही.

"तू सांग," म्हणाले. "तू जवळून बघितलंय."

बाळ झोपलं होतं, मूठ माझ्या पदरात अडकलेली. मुसकं बांधलं तर असा एखादा दिवस परत येणार. नाही बांधलं तर तो स्वतःलाच खाणार. सोडला तर आम्ही रस्त्यावर. मला चौथं काही सुचेना, मी पाचवीतून शाळा सोडलेली बाई, मला काय सुचणार. हे वाट बघत होते.

मी म्हटलं, "बांधा."

हे उठले आणि गेले. त्याने विरोध केला नाही, मान खाली केली, उलट सोपं केलं ह्यांना.

मुलगा आता चालायला लागलाय. घोडा अजून तसाच उभा आहे, दोन दोरांच्या मध्ये. पाय सुजून खांबासारखे झालेत, डुलता पण येत नाही, गुट्ट आवाज पण येत नाही. शेठ येतात, हार घालतात. हे त्याचं सगळं करतात पण त्याच्याशी बोलत नाहीत, आणि त्या दिवसानंतर मला पण परत काही विचारलं नाही. मी शेजारणींना सांगून बघितलं, त्या म्हणतात, बरोबर केलंस, लेकराकडे बघायचं का घोड्याकडे. तेवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. म्हणून मी तुम्हाला विचारते, जे मला ओळखत नाहीत, ज्यांना माझी दया यायचं काही कारण नाही. ह्यांनी माझ्याऐवजी तुम्हाला विचारलं असतं, बाळ तुमच्या मांडीवर असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?