शिळ्या भातानं जमवलेलं लग्न

आता माझी फजिती माझ्याच तोंडानं सांगायची म्हणजे… असू दे, चहा घ्या आधी. आणि हसायचं नाही, सांगून ठेवते!

माझा भाऊ दुबईला होता. सुट्टीला येताना त्यानं मला वॉफल मेकर आणला. घोडेगावात तेव्हा असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन तव्यांचं विजेचं मशीन, आतून चौकटी-चौकटी. मध्ये पीठ घालायचं, झाकण दाबायचं, की दोन्हीकडून खरपूस. भावानं शिकवलेलं ते अंडी-मैद्याचं गोड आमच्याकडं कुणाला रुचलं नाही. पण मी गप्प बसते होय? उरलंसुरलं दिसेल ते मी त्यात दाबू लागले. कालची खिचडी, पिठल्याच्या वड्या, शिळी पुरणपोळीसुद्धा! सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस मलाबी घालशील त्यात."

तर एका शनिवारी भर दुपारी दारात "जयभीम" ऐकू आलं. येडगावचे पाहुणे! माझ्या नणंदेला, सुमनला, बघायला. यायचे होते रविवारी. सोबत मुलाची आत्या, आणि त्या घरात शेवटचा शब्द आत्याचा.

पोह्यांचा डबा रिकामा. नवरा धावत गेला, तर दुकान बंद. लोडशेडिंगची वेळ झालेली. घरात काय? रात्रीचा भात आणि दोन भाकऱ्या! सुमनची आधीची दोन स्थळं मोडलेली. हेही मोडलं, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार.

काय करणार? भातात भाकरी कुस्करली, कांदा, मिरची, बेसन घातलं आणि दाबलं मशीनमध्ये. शेवटचा चौकोन निघाला आणि लाईट गेली.

आत्यानं घास घेतला. थांबली. परत घेतला.

"कुनी केलं गं?"

बघायला आलेल्यांसमोर सगळं मुलीनंच केलेलं असतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं? मी म्हटलं, "सुमननंच! लई हौस तिला." सुमननं त्या मशीनला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"ब्येस. पुढच्या रविवारी बोलनी पक्की करू. तवाबी ह्येच करा."

आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नाही. पाहुण्यांना शिळं वाढलं हे कळलं तर? म्हणून त्या रविवारी ताजा आंबेमोहोर शिजवला. साजूक तूप, मूठभर काजू! ताजा भात मेला मशीनला चिकटतो. खरवडून खरवडून घामाघूम झाले.

आत्यानं घास घेतला आणि ताटली खाली ठेवली.

"ह्ये त्या दिवशीचं न्हाई. पोरीनं न्हाई केलं."

संपलं सगळं! "मी… मी केलं," कसंबसं म्हणाले.

"तरीच! अवो, त्या दिवशी पयल्याच घासाला वळखलं म्या. रातचा भात, शिळी भाकर. म्हनलं, शिळ्याला अशी चव आनती, ही पोरगी घरातलं काय वाया जाऊ द्यायची न्हाई. सून करायची तर हीच."

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी असं बघितलं, की लगेच मिटलं. खरं बोलावं तर लग्न मोडतंय!

"आन् वहिनी, तुमी," आत्या माझ्याकडं वळली, "एवढं तूप? एवढं काजू? जरा हात आखडा. सुमनकडनं शिका कायतरी."

शिकते म्हटलं. सांगता कुणाला?

निघताना तिची नजर मशीनवर गेली. "पोरीचा हात बसलाय त्याच्यावर. दुसरं काय नको आमाला, तेवढं तिच्यासंगं द्या."

लग्न झकास झालं. सासरी निघताना सुमन माझ्या गळ्यात पडली, हुंदके देत कानाशी लागली, "वहिनी, ते चालू कुठनं करायचं गं?"

तेव्हा मात्र मला रडू आवरेना. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "नणंदेवर काय जीव हाय बाई!"

कसली नणंद? जीपच्या टपावरनं माझं मशीन चाललं होतं!