मावशींनी मापून घेतलेला उजेड

“माप घेतल्याशिवाय कात्री लावू नये,” हे मावशींचं पालुपद. चाळीस वर्षं त्यांनी शिवणयंत्र चालवलं. अख्ख्या इमारतीचे खांदे आणि कंबरा त्यांना तोंडपाठ होत्या. मग डोळे थकले. यंत्र भाचीच्या हवाली करून त्यांनी तळघरातल्या खोलीत टोमॅटोची रोपं वाढवायचं मनावर घेतलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. सूर्य तिथे कधी पाहुणा म्हणूनसुद्धा डोकावला नव्हता.

इमारतीच्या चिटणीसांचा त्या खोलीवर जुन्या सायकली ठेवण्यासाठी डोळा होता. ते म्हणाले, “मावशी, सहा आठवडे देतो. गच्चीवर लावण्याजोगी रोपं झाली, तर खोली तुमची. नाहीतर सायकली आत आणि तुम्ही बाहेर.”

मावशींनी दिवा निवडला तो शिवणाऱ्या बाईच्या रीतीने. दुकानात एकेक दिवा लावायला सांगितला आणि त्याखाली सुईत काळा दोरा ओवून पाहिला. ज्याच्या उजेडात दोरा एका झटक्यात गेला, तो उचलला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘हजार वॅट’ छापलेलं. खोलीत आणून तो छताला टांगला आणि खाली ट्रेमध्ये बी पेरलं.

दहा दिवसांत रोपं उंच झाली खरी, पण फिकट, मान टाकलेली. चिटणीस दारातून वाकून म्हणाले, “मावशी, ही रोपं आहेत की दोरे? सुईत ओवायची का?”

मावशींना राग आला. राग चिटणीसांचा नव्हता, स्वतःचा होता. उजेड हवा होता रोपांना आणि माप घेतलं होतं स्वतःच्या डोळ्यांचं. एकाच्या अंगावरून दुसऱ्याचा सदरा बेतला होता.

भाचीचा नवरा वायरमन. त्याने दिव्याला मीटर लावलं आणि हसला. “हजार कसले? हा नव्वदसुद्धा ओढत नाही. आणि मावशी, वॅट म्हणजे तो वीज किती खातो ते. जेवतो किती हे बघून कुणी गडी ठेवतं का? काम किती करतो ते बघा.”

“ते कुठे लिहिलेलं असतं, जावई?”

“चांगल्या दिव्याच्या कागदावर, बारीक अक्षरांत. पानांच्या कामी येणारा उजेड एका वॅटमागे किती, त्याचा आकडा असतो. जितका मोठा, तितका दिवा गुणाचा. आणि ज्याच्यावर तो आकडाच नाही, त्याला दुरूनच नमस्कार.”

मावशी भिंग घेऊन दुकानात गेल्या. सात दिव्यांचे कागद वाचले. सगळ्यात मोठा आकडा निघाला एका बारीक, पांढऱ्या पट्टीवर. वीज साठ वॅट.

दुकानदार म्हणाला, “हा दिसायला अगदीच गरीब आहे हो.”

“मला काय त्याच्याशी सोयरीक करायची आहे?” मावशी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा बी पेरलं. पट्टी रोपांवर दीड वीत उंचीला साखळीने टांगली. रोज सकाळी टेप लावायचा, शेंड्यापासूनचं अंतर मोजायचं आणि रोप वाढेल तशी साखळी एकेक कडी वर घ्यायची. दोरा गुंडाळून खोडाची जाडी घ्यायची. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत आता रोपांची मापं चढू लागली. खोडं उंचीपेक्षा जाडीला धावत होती. मावशी मनातून फुलल्या.

मुदतीच्या सकाळी चिटणीस सायकल ढकलतच आले. दार उघडलं. आत काळपट हिरवी, बुटकी, ठोसर रोपं ओळीने उभी होती. चिटणीसांनी एकाला बोटाने टिचकी मारली. ते हललं आणि परत ताठ झालं.

“ही याच खोलीतली?”

“नाही, माहेराहून आणली,” मावशी म्हणाल्या.

चिटणीसांनी जुडग्यातून खोलीची किल्ली सोडवली आणि मावशींच्या हातावर ठेवली. मावशींनी ती कमरेला खोचली, पहिला ट्रे उचलला आणि गच्चीचा जिना धरला. पायऱ्या चढताना त्या कुठेही थांबल्या नाहीत. भाची यंत्र सोडून दारात आली होती. चिटणीस सायकलच्या मुठीवर हात ठेवून, मावशी वळणाआड होईपर्यंत बघत उभे राहिले.