दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी नदीचे पाणी डिचोलीच्या बाजारामागच्या आमच्या आळीत शिरले. आमच्या घरात तेव्हा चौदा माणसे होती आणि पाच दिवसांचा गणपती बसलेला होता.

शहराच्या पूर आराखड्यात त्याच घरासमोर 'दोन' असा आकडा होता. तो मीच लिहिला होता. पूर्वी चार दिवसांत पडायचा तो पाऊस आता चार तासांत पडतो, म्हणून उन्हाळ्यात वॉर्डावॉर्डांत बैठका झाल्या. गटारे उपसली, निवाऱ्यासाठी उंचावरची शाळा ठरली, खाणी थांबल्यापासून उभे असलेले खनिजाचे टिपर ट्रक माणसे हलवण्यासाठी नेमले. आळीची यादी करायचे काम माझ्याकडे आले. एप्रिलमध्ये मी दारोदार फिरलो आणि घरात दिसली तेवढी माणसे लिहिली. आमच्या घरी थोरले काका आणि काकी. चवथीला सगळे मूळ घरी येतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. लिहिताना सुचले नाही.

त्या आकड्यांवर आळीला एक टिपर आणि एक फेरी मिळाली होती. पण चवथीला सगळ्याच घरांत माणसे वाढली होती, म्हणून फेऱ्या दोन कराव्या लागल्या. पहिल्या फेरीत मुले, बायका, चुलतभाऊ गेले. गाडी परतली तेव्हा दोन पंचवीस झाले होते. समुद्राची भरती तीनला होती, आणि ती आमच्या नदीतही चढते. तोवर पाणी वाढणारच होते. घरात काका, काकी आणि मी उरलो होतो.

काकांचे वय अठ्ठ्याहत्तर, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. फळांनी लगडलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीखाली, मूर्तीसमोर ते पाटावर बसले होते.

"काका, उठा."

"उत्तरपूजा झाल्याबिगर मूर्ती हलवची नाय. आनी तेका सोडून मी येवचंय नाय."

"आराखड्यात माणसां पयली."

"तुझ्या यादीत ह्यो पावणो खंय आसा?"

"नाय."

"मगे गप बस."

टिपरचा ड्रायव्हर दोडामार्गचा. तो गुडघाभर पाण्यातून दारात आला. "आजोबानू, पाणी सायलेन्सरात गेला की गाडी बंद. मगे तुमचा, माझा आनी गणपतीचा विसर्जन एकाच जाग्यार."

"मेल्या, तोंड वाजवच्यापेक्षा गाडी वळवून ठेव," काकी म्हणाली.

मी भटजींना फोन लावला. ते सर्वण गावात होते आणि त्यांच्याही वाटेवर पाणी होते. त्यांनी एकच विचारले, "पाणी खंय इला?"

"उंबऱ्याक."

"फोन मोठ्यान लाव आनी काकांच्या म्होरे धर."

उत्तरपूजेला एरवी अर्धा तास लागतो. भटजींनी मंत्र तोडून तोडून सांगितले, काका मागून म्हणत गेले. अक्षता झाल्या. नैवेद्याला डब्यातल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेतल्या. पाणी आत आले, समई पाटावर ठेवली. "आता मूर्तीच्या हातार धंय," भटजी म्हणाले. दही स्वयंपाकघरात होते आणि स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली. तिथे पाणी माझ्या मांडीला लागले. फ्रीजचे दार पाण्यामुळे उघडेना. तिसऱ्यांदा ओढले तेव्हा उघडले.

बाहेर हॉर्न वाजत होता.

काकांनी मूर्तीच्या हातावर दही ठेवले आणि मूर्ती बोटभर सरकवली; उत्तरपूजा झाली. दोन सत्तेचाळीस झाले होते.

"पयली मूर्ती," काका दारात म्हणाले.

"पयले तुमी," ड्रायव्हर म्हणाला. "मूर्तीचो गुडघो बरो आसा."

काका हसले नाहीत, पण त्यांनी त्याचा खांदा धरला. खुर्चीवर पाय ठेवून टिपरवर चढायला त्यांना तीन मिनिटे लागली. त्यांच्या मागून काकी चढली. मूर्ती मी रेनकोटात गुंडाळून वर दिली. काकांनी ती मांडीवर घेतली, मीही चढलो. गाडी दोन बावन्नला हलली. चौकात इंजिन एकदा दबले, पुन्हा चालू झाले.

तीन वाजून पाच मिनिटांनी काका शाळेच्या व्हरांड्यात उतरले. साडेचारला शाळेमागच्या विहिरीत विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरल्यावर मी घर उघडले. काका बसले होते त्या खोलीच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. जमिनीपासून मोजली: चार फूट दोन इंच.