ग्यानबा, उंबरा उखडून आण

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता अन् मी कुलूप हातात घेऊन दाराशी झगडत होतो. चौकट तिरपी झालेली, कडी कोयंड्याला पोचंना. खांदा लावला, लाथ घातली, तरी बोटभर अंतर राहिलंच. शेवटी बैलाच्या दाव्यानं दार बांधलं. धाकटा भाऊ ग्यानबा बघून राहिला होता. म्हणाला, "दादा, असं उघडं घर टाकून जातेत का? जा तू. मी राहतो राखणीला." मी "हाव, राहा" म्हणून टेम्पोत बसलो.

आता मी किल्लारीला, लेकीच्या, सुमनच्या गावी. पण लेकीच्या घरात मुक्काम ठोकणारा बाप मी न्हाई. सुमनच्या सासूनं भूकंपाच्या वक्ताचं पत्र्याचं शेड मागं ठेवलंय, त्यात राहतो. भाकरी माझी मी थापतो. विहीणबाई जाता-येता विचारतात, "व्याही, भाकरी हाय का नकाशा?" मी म्हणतो, भाकरी गोल हाय, तुमची नजर तिरपी हाय.

आमचा बाप म्हणायचा, "जमीन कुठं पळून जात न्हाई." जन्मभर तेच धरून बसलो.

इथली माणसं विचारतात म्हणून सांगतो. कंधारच्या पुढं आमचं गाव. झऱ्याचं पाणी पहिल्यापासून ऊन, लेकरांची खरूज त्यात धुवायची. तिथं एका कंपनीनं लई खोल बोअर मारले. आतलं कढत पाणी उपसायचं, त्याच्या वाफेवर वीज करायची. वापरलेलं पाणी परत खाली सोडतो म्हणाले. सोडत होते, पण काढलं तेवढं न्हाई. आतून दबत गेलं अन् वरची जमीन बसत गेली.

हे मागून कळलं. आधी दिसला तो पाइप. बंद पडलेल्या बोअरचा लोखंडी पाइप घोट्याएवढा होता, तो हळूहळू गुडघ्याला लागला. गावानं ठरवलं, देव वर येऊन राहिला. हळदकुंकू लागलं, आरती झाली. नारळ मीच फोडला, मान माझा होता. पाइपाचं बूड खाली खडकात पक्कं, तो जागच्या जागीच होता. आम्हीच खाली चाललो होतो.

मग मोरीचं पाणी उलटं चुलीकडं यायला लागलं. भिंतीत हात जाईल एवढी फट पडली. गाववाल्यांनो, तुम्ही कुणी नायगावला पोरांकडं गेलात, कुणी कंधारला दुकान टाकलं. सुटलात. माझा जीव तिथंच अडकलाय.

फोन केला की ग्यानबा हसतो. "मागची भिंत जरा वाकलीय दादा, टेकू दिलाय." विचारलं, झोपतोस कुठं? "माजघरात. दार उघडं टाकून अंगणात कसा झोपू?" परवा दुपारपर्यंत त्यानं फोन उचलला न्हाई. तव्यावरची भाकरी जळून गेली, मला कळलं न्हाई.

विहीणबाईंनी बघितलं. मला त्यांच्या दाराशी नेलं अन् उंबऱ्यावर हात ठेवला. "हा जुन्या गावचा. भूकंपात घर पडलं, आमचे मालक गेले, तरी सासरा ढिगाऱ्यापाशी राखणीला बसलेला. उठंच ना. हा काढून आणला, मग उठला. व्याही, भावाला किती हाका मारताव? उंबऱ्याला बोलवा."

कुणाचं ऐकायची मला सवय न्हाई. हे ऐकलं.

तर ग्यानबा, हे लिहिलेलं कुणाकडून तरी वाचून घे. दिवसाउजेडी पहार काढ. उंबऱ्याला हात जोड, मग दोन्ही अंगाची माती मोकळी कर. आजोबानं बसवलेला सागवान हाय, चिरू देऊ नको. हा थोरल्याचा हुकूम हाय, लोक काय म्हणतील ते माझ्यावर घाल. उंबरा निघाला की उरल्या नुसत्या भिंती. त्यांना कशाला राखण लागती? जीपच्या टपावर बांध अन् त्याच्यासंगं तूही ये.

शेडच्या दारात मी उंबऱ्याच्या मापाचा चर खणून ठेवलाय. सध्या माझं घर म्हणजे तेवढा चर. येता-जाता पाय अडखळतो. सुमन म्हणती, "बाबा, पडताल, बुजवा की."

तू येईस्तोर बुजवणार न्हाई. आज फोन उचल.