आले की गैरहजर

खिडकीतल्या बाई मुलखाच्या फटकळ. मानसोपचार केंद्राच्या तळमजल्यावर बावीस वर्षं नावनोंदणी करतात. पेशंटला अर्ज भरायला पेन देतात आणि पेशंटपेक्षा पेनावर जास्त डोळा ठेवतात. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी कामावर आल्या, हे त्यांनी मला बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचो. माझा जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करताना गेला, तेव्हा वर बटणापाशी मी होतो. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. पोरगी रडली तरी मी आपला ढिम्म. शेवटी बायको म्हणाली, "उपचार घ्या, नाहीतर मी हिला घेऊन माहेरी जाते." ती उगीच बोलणाऱ्यांतली नाही.

डॉक्टर बसायच्या चौथ्या मजल्यावर. जिनासुद्धा लिफ्टभोवतीच फिरत वर जाणारा. दोनदा आलो, दोन्ही वेळा खालीच पाय थिजले. बाकावर तासभर बसलो आणि घरी गेलो. मग पत्र आलं, दोनदा गैरहजर, तिसऱ्यांदा राहिलात तर फाइल बंद. बायकोने ते वाचलं आणि बॅग काढून पलंगावर ठेवली.

तिसऱ्यांदाही बाकावरच बसलो. बाईंनी खिडकीतून मान काढली. "ओ, वर जायचंय की नाही?"

"नाही जमत."

आता 'काय झालं' विचारणार, असं मला वाटलं. पोलीस, मालक, सासरे, सगळ्यांनी तेच विचारलं होतं. बाईंनी विचारलं, "मागच्या दोन्ही वेळी इथेच बसला होतात?"

"हो."

"मग मेलं गैरहजर कुणी लिहिलं?"

लिहिलं त्यांनीच होतं. पेशंट आला नाही म्हणून वरून फोन आला, त्यांनी लिहून टाकलं. वहीची मागची पानं काढली. "चुकलं माझं," म्हणाल्या. दोन्हीकडे काट मारून 'आले' लिहिलं, शेजारी सही केली. मग फोन लावला. "डॉक्टर, तुमचा पेशंट कधीचा आलाय. तुम्हीच यायच्या राहिलात."

डॉक्टर खाली आल्या. बाईंनी फायलींच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या आणि मला विचारलं, दार लावू की उघडं ठेवू. मी म्हटलं, अर्धं. त्यांनी अर्धं ठेवलं.

"आज काही सांगितलं नाहीत तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळीही इथेच बसू."

हायसं वगैरे काही वाटलं नाही. हात गार पडलेत, एवढं कळलं. आठ महिन्यांत तेवढंसुद्धा कळलं नव्हतं.

"बिघाड झाला, लिफ्ट आपोआप सुटली असं मी सगळ्यांना सांगितलंय," मी म्हटलं. "बायकोलाही. तसं नव्हतं. तो खालून ओरडला, 'चालू करू नको.' मी 'चालू कर' एवढ्यावरच बटण दाबलं. 'नको' मला नंतर ऐकू आलं."