धोतऱ्याची जुडी

साल दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर, आधार कार्डावर एकोणसत्तर. ते चुकीचं आहे, पण मी दुरुस्त करायले गेलो नाही आणि जाणारही नाही. शाळेत चौथीच्या पुढं पाय टाकला नाही. हे अक्षर लावत लावत लिहिलं. सुनेनं ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं, मजकुराले मी तिले हात लावू दिला नाही.

आमचं वावर कुहीच्या अलीकडं. धानाच्या बांध्या, आणि विहिरीजवळ भाजीचा तुकडा. त्या तुकड्यात दुकानातलं औषध कितीक वर्षांत गेलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जे उगवलं ते उगवू द्यायचं, निंदलेलं तण तिथंच अंथरायचं, शेण-गोमूत्र आमच्याच गोठ्यातलं. कीड पडली तर दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवायचा आणि ते पाणी शिंपायचं. कडुनिंब, रुई, सीताफळ, करंज असा सगळा पाला, आणि त्यात धोतरा. धोतऱ्याशिवाय तो अर्क मले पाणचट वाटतो. गावातले म्हणत, म्हातारा जंगल पेरून राहिला. म्हणोत. शनिवार-रविवार आमची गाडी शहरातल्या नंदनवन वस्तीत बगीच्याच्या कोपऱ्यावर उभी राहते, आणि तिथले लोक पिशव्या घेऊन आमची वाट पाहतात. गावात तशी वाट कोणाची पाहतात ते सांगा.

त्या लोकांले मीच तयार केलं. पालकाले भोकं दिसली की आधी ते नाक मुरडायचे. मी म्हणायचो, अळीनं खाल्लं म्हणजे विष नाही, अळी तुमच्यापेक्षा हुशार आहे. कारलं फार कडू निघालं म्हणाले तर म्हणायचो, अस्सल आहे म्हणून कडू आहे, खतावरचं पाहिजे तर पलीकडं ठेला आहे. होता होता असं झालं की भाजीत अळी निघाली तर बायका खुश व्हायच्या, तिचा फोटो काढून एकमेकींले पाठवायच्या. मले त्याचा मोठा अभिमान होता.

पोळा होऊन गेला होता. त्या शनिवारी पुरतं उजाडायच्या आत मी आणि सून भाजी बांधायले बसलो. आमच्याकडं जुडी पळसाच्या मुळीच्या वाकानं बांधतात, रबर मी घरात येऊ देत नाही. अर्कासाठी आदल्या दिवशी कापलेला धोतराही तसाच जुड्या करून ओल्या पोत्याखाली ठेवला होता, सुटा पाला सुकून जातो म्हणून. कोवळा धोतरा, त्याले ना फूल ना बोंड, देठ जांभळट. बाजूले हिरव्या पानाचा माठ, तोही ओल्या पोत्याखाली, त्याचाही देठ तसाच. कोणतं पोतं कोणी उचललं आणि कॅरेटमध्ये काय टाकलं, ते आमच्या घरात आजपर्यंत ठरलं नाही. वाकाची गाठ सुनेले मीच शिकवली. त्यामुळं गाठ पाहून जुडी कोणाच्या हातची ते सांगता येत नाही.

ऊन चढलं तोवर गाडीवर थोडे दोडके उरले होते. मुलगा ताडपत्री आवरत होता. तेवढ्यात सुनेचा फोन आला. ती अर्काच्या ड्रमपाशी उभी होती. धोतऱ्याचं पोतं उचललं तर खाली दोन जुड्या माठाच्या निघाल्या, म्हणाली.

माठ तिथं आहे, तर मग मी इथं काय विकलं?

लहानपणी मी धोतरा पोटात गेलेला माणूस पाहिला आहे. कोणीतरी मजाक म्हणून त्याच्या भांगेत बिया वाटून घातल्या होत्या. तो अंगावरचे कपडे फाडत तळ्याकडं पळाला आणि गावातल्या गड्यांले आवरेना. त्याच्या डोळ्यांतलं काळं इतकं पसरलं होतं की तो आपल्याकडं पाहतो की आपल्या आरपार, ते कळेना. तो वाचला की नाही, ते मले कोणी सांगितलं नाही. तेच डोळे माझ्यापुढं उभे राहिले.

मी सुनेले म्हटलं, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून टाक, माठात अळी पडली, फेकून द्या. बाकी काही लिहू नको, लावलेला सगळा बाजार उठेल.

"मामाजी, अळी म्हटलं तर ते लोक हासत हासत धुऊन खातीन. तुम्हीच तशी सवय लावली त्यायले. विष म्हणा लागते."

मी म्हटलं, तुले धंद्यातलं समजत नाही. ती म्हणाली, मी लिहून राहिली, आणि फोन ठेवून दिला. माझ्या घरात माझ्या तोंडावर फोन ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. पण राग यायलेही मले त्या वेळी जागा उरली नव्हती.

मुलाच्या फोनवर निरोप यायले लागले. माठ घेतलेल्या एकेका घरानं आपापल्या जुडीचा फोटो पाठवला. बहुतेक खरा माठ होता. एका घरी धोतरा निघाला, पण जुडी तशीच फ्रिजमध्ये होती, वाकही सोडला नव्हता. मुलगा ती आणायले पळाला. उरल्या एकट्या बाई, ज्या फोनही उचलत नव्हत्या.

त्या बाई आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. सरकारी कचेरीत नोकरी करून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी पुण्याले. माझ्याशी भांडल्याशिवाय भाजी घेत नसत. जिना चढवत नाही म्हणून त्यांची पिशवी मी स्वतः वर नेऊन देत होतो. त्या दिवशीही मीच नेऊन दिली होती. माठ मागितला नव्हता, मीच वरून टाकला होता, खाऊन पाहा म्हणून.

मी तो रस्ता कसा गेलो मले आठवत नाही. जिन्यात कठड्याले धरून वर चढलो तेवढं आठवते. घंटी वाजवली, कोणी येईना. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी दार ठोकत राहिलो. शेवटी दार उघडलं. बाईंचा चेहरा लालभडक, केस सुटलेले, ओठ कोरडे पडलेले.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "बसा. हे अंघोळीला गेलेत, येतीलच."

त्यांच्या पाठीमागं भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. मी फोटोकडं पाहिलं, मग न्हाणीच्या दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. खरं सांगतो, मले तिथून पळून जावं वाटलं.

टेबलावर ताट होतं, भाजी अर्धी संपलेली. मी विचारलं, बाई, किती खाल्ली? त्या ताटाकडं पाहून हसल्या.

"कडू होती. टाकणार होते. मग म्हटलं, भाऊ म्हणतात ना, कडू म्हणजे अस्सल."

माझं वाक्य माझ्यापुढं त्या ताटात येऊन पडलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी खुडून मांडीवर ठेवायले लागल्या. पान खुडायचं, देठ टाकायचा, पान ठेवायचं. भाजी निवडून राहिल्या होत्या. मांडीवर काही नव्हतं.

मुलाले फोन करून बोलावलं. शेजारची एक मुलगी धावून आली, तिनं बाईंले दुसऱ्या बाजूनं धरलं. जिन्यात त्या दर पायरीवर थांबून मागं वळून म्हणत, यांना सांगा, दार ओढून घ्या म्हणावं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, धोतऱ्याचा पाला, शिजवून, माझ्या वावरातला. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बाईंले आत नेलं.

मग बाहेर बाकड्यावर बसायचं. मुलगा पुण्याच्या मुलीले फोन लावत होता. पलीकडून ती काय म्हणाली ते त्यानं मले सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दार उघडलं की मी उठायचो, बंद झालं की खाली बसायचो. मी मनात माझा तुकडा पाहत होतो. धुऱ्यावरचा प्रत्येक धोतरा मले ठाऊक आहे, विहिरीकडचा कोणता, बोरीखालचा कोणता. आयुष्यभर मी लोकांले फवाऱ्यातल्या विषाचं भेव घातलं. आता त्या बाई गेल्या तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं फवारलं नाही, हातानं चारलं. आणि त्यात खोटं काय राहील?

दिवस मावळायच्या सुमारास नर्सनं मले आत बोलावलं. बाई पडून होत्या. डोळ्यांतलं काळं अजून मोठंच होतं, पण त्या माझ्याकडं पाहत होत्या, आरपार नाही. मी इथं काहून बसलो, ते त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. पोतं, माठ, धोतरा, अळीचं खोटं लिहायले सांगितलं तेही. त्यांनी छताकडं पाहिलं.

"म्हणजे हे आले नव्हते," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडं गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. मले वाटलं, आता हाकलून देतील, तर बरं होईल. त्यांचा घसा कोरडा होता, शब्द एकेक करून निघाला.

"उद्या भाजी आणाल?"

मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.

"आणा. पण आधी तुम्ही खा, मग आम्हाला द्या."

नर्स हसली. बाई हसल्या नाहीत. रात्रभर त्यांले तिथंच ठेवणार होते, पुण्याची मुलगी निघाली होती.

घरी आलो तर सून फोन घेऊन बसलेली. तिनं गटावर सगळं खरं लिहिलं होतं, आमच्या नावानिशी. काही लोक गट सोडून गेले होते. बाकीचे गप्प होते, आणि मले त्या गप्प बसण्याचंच जास्त भेव वाटलं. मुलगा म्हणाला, बाबा, उद्या गाडी नको नेऊ. मी म्हटलं, गाडी जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, मी ओट्यावर बसलो. सून एकेक जुडी माझ्यापुढं ठेवत गेली. मी प्रत्येक जुडी सोडायचो, हातावर पसरायचो, त्यातलं पान तोंडात टाकायचो, चावायचो, गिळायचो, मग वाक पुन्हा बांधून कॅरेटमध्ये ठेवायचो. जीभ तुरट झाली, दात हिरवे झाले. मुलानं गाडी सुरू करून भोंगा वाजवला. म्हणाला, अगा बाबा, उशीर होऊन राहिला, तिथं कोणी येते की नाही त्याचाच पत्ता नाही. मी त्याले हात दाखवला, तोंड भरलं होतं. शेवटी माठ राहिला. मी पान उलटंपालटं करून पाहिलं आणि तोंडात घातलं. सून पाहत होती. मी ते चावलं, गिळलं, जुडी बांधली आणि गाडीत पुढं जाऊन बसलो.