हॉलिस टेशची ममी

हॉलिस टेश साडेसहा फूट उंच होता, आणि त्याच्या आयुष्यात जे काही झालं ते या उंचीपायी झालं. नेब्रास्कातून तो बरबँकला आला तो विमानाच्या कारखान्यात काम करायला. एकदा दुकानात सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा टाचाही न उचलता काढताना त्याला स्टुडिओतल्या कुणीतरी पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात तो गोरिला झाला. पुढच्या दहा वर्षांत तो यंत्रमानव झाला, चालणारं झाड झाला, तळ्यातून वर येणारं प्रेत झाला. चेहरा मात्र कधीच दिसला नाही. नेब्रास्कातल्या त्याच्या बहिणीला तर तो थापा मारतो असंच वाटायचं.

दर शुक्रवारी टीव्हीवर अर्ध्या तासाची भुताखेताची नवी गोष्ट लागायची. एकोणिसशे एकोणसाठ साली त्या मालिकेत ममीची गोष्ट आली, आणि ममी व्हायला हॉलिसला बोलावलं. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला एक पहारेकरी संग्रहालयात जागा होतो आणि आपल्या बायकोला शोधत फिरतो. एका खोलीत रखवालदाराची बायको झोपलेली असते, अगदी तिच्यासारखी दिसणारी. तो वाकून बघतो, ही ती नाही हे त्याला कळतं, आणि तो आपल्या पायांनी परत पेटीत जाऊन झोपतो. बस, एवढंच.

दिग्दर्शक क्रॅस्नो पोरसवदा होता, पण मन लावून काम करणारा. तो म्हणाला, "हे बघ हॉलिस, घाबरवायचं नाही. या माणसाचं कुणीतरी गेलंय, तेवढं दिसू दे."

"म्हणजे याला मन आहे तर," हॉलिस म्हणाला.

"आहे की. आपल्या सगळ्या भुतांत हा एकटाच तसा."

हॉलिसला ते पुरेसं होतं. त्याची बायको आर्डिस त्या वर्षी हाडांच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळली होती. मूलबाळ नव्हतं. रोज घरी आला की तो तिचं पांघरूण सारखं करायचा आणि कपाळावरचे केस बोटांच्या मागच्या बाजूने सारायचा, कारण त्याचे तळवे खरबरीत होते. पहारेकऱ्यानेही त्या झोपलेल्या बाईला असंच करावं, असं त्याने मनाशी ठरवलं. आर्डिसला त्याने काहीच सांगितलं नाही. "पुन्हा मढंच आहे," एवढंच म्हणाला, "पण या वेळी चालतंय."

पट्ट्या गुंडाळायचं काम इग्नासियाकडे होतं. तिला सगळे नाचा म्हणत. सुती पट्ट्या चहाच्या पाण्यात रंगवायच्या, भट्टीत करपवायच्या, मग एकेक गुंडाळून वर मुलतानी माती फासायची. चार तास लागायचे. नाचाची जीभ हातांपेक्षा जोरात चालायची.

"आत्ताच लघवीला जाऊन ये बाबा. नंतर मला हाका मारशील तर मी सोडवणार नाही, सांगून ठेवते."

"जाऊन आलो, नाचा."

"कालही हेच म्हणाला होतास लेका."

चित्रीकरण एकाच दमात झालं. हॉलिस त्या बाईजवळ वाकला, पांघरूण वर ओढलं, बोटं उलटी करून केस सारले. पट्ट्यांच्या आत त्याचे डोळे भरून वाहत होते, श्वास पुरत नव्हता. क्रॅस्नोने थांबा म्हटल्यावरही कुणी काही बोललं नाही. घरी जाताना आपल्याला हे जमलं, असं हॉलिसला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सहा आठवड्यांनी शुक्रवारी त्याने आर्डिसला उशांना टेकवून बसवलं, टीव्ही पलंगाजवळ ओढला. गोष्ट सुरू झाली. ममी पेटीतून उठली आणि मागे भोंगा वाजला, 'पॉंऽऽ'. पाठोपाठ माणसांचा हशा. ममी चालली की ढोल, दाराला डोकं लागलं की पुन्हा हशा. हॉलिसला वाटलं, दुसरंच काही लागलंय. मग ती खोली आली. ममीने पांघरूण ओढलं, बोटं उलटी करून केस सारले, आणि न दिसणारे शेकडो लोक खदाखदा हसले.

आर्डिसही हसली. ती मार्चपासून हसली नव्हती. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं हळू," हॉलिस म्हणाला.

"काय रे हा वेडेपणा! एवढा गमतीदार आहेस तू, आणि घरी कसा तोंड लांब करून बसतोस?" तिने त्याचा हात धरला. "करून दाखव ना. ते केसांचं."

काय करणार? त्याने करून दाखवलं. भोंगाही तोंडाने वाजवला. ती पुन्हा हसली.

मग ते रोजचं झालं. तो घरात शिरला की ती म्हणायची, "आली का माझी ममी?" आणि त्याला हात पुढे करून, पाय ओढत, भोंगा वाजवत पलंगाशी यावं लागायचं. एकदा त्याने नुसतेच केस सारले, गुपचूप, पूर्वीसारखे. तिने एक डोळा उघडला. "भोंगा विसरलास की!" तेव्हा खरं काय ते सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा इतका खुललेला होता की त्याने भोंगा वाजवला.

फेब्रुवारीत तिला रुग्णालयात न्यावं लागलं. शेवटच्या दुपारी ती डोळे मिटून पडली होती. हॉलिस खुर्ची ओढून बसला आणि त्याने कपाळाकडे हात नेला. तिने डोळे न उघडताच मान फिरवली.

"आज नको रे," ती म्हणाली. "हसलं की फार दुखतं."

त्याने हात मागे घेतला. चारच्या सुमाराला ती गेली.

महिन्याभराने तो क्रॅस्नोकडे गेला. क्रॅस्नोलाही तोवर मालिकेतून काढून टाकलं होतं.

"हशाविना असलेला तो भाग मला एकदा बघायला मिळेल का हो?"

"कुठून आणू?" क्रॅस्नो म्हणाला. "मालिकेला पैसे पुरवणाऱ्या साबणवाल्या कंपनीला तो रडका वाटला. बायका टीव्ही बंद करतील म्हणाले. मला न विचारता भोंगे आणि टेपवरचं हसू भरलं. आधीचे तुकडे कचऱ्यात गेले, हॉलिस. मला माफ कर."

"तुमचं काय चुकलं त्यात," हॉलिस म्हणाला.

पुढे त्याला कामं मिळाली ती फक्त विनोदी ममीची. दुकानांची उद्घाटनं, गाड्यांची विक्री. गुडघे गेल्यावर तेही सुटलं, आणि तो रेसीडाच्या लाकडाच्या वखारीत दिवसपाळीचा पहारेकरी झाला. नाताळात नाचा तमालेचं, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या पुरचुंड्यांचं, पातेलं घेऊन यायची. ती फ्रेस्नोला मुलाकडे कायमची राहायला जायच्या आधी शेवटची आली, तेव्हा हॉलिसने तिला विचारलं. इतकी वर्षं तो ते विचारायचं टाळत होता.

"नाचा, त्या दिवशी तू कॅमेऱ्याच्या शेजारीच उभी होतीस ना? त्या बाईपाशी मी वाकलो तेव्हा?"

"होते की."

"काय दिसलं तुला?"

नाचाने पातेल्याचं झाकण काढून पुन्हा लावलं.

"खरं सांगू का बाबा? तुझ्या कोपराची पट्टी सैल झाली होती. ती सुटते की काय, या धास्तीने मी तिच्याकडेच बघत होते. आम्ही सगळेच."

"असं होय," हॉलिस म्हणाला. त्याने पातेलं शेगडीवर ठेवलं, दोन ताटल्या काढल्या, आणि फ्रेस्नोला उन्हाळा फार कडक असतो का, असं तिला विचारलं.